गुरुवारचं वर्कशॉप : सर्किट बोर्ड कापण्याविषयी चार गोष्टी

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी क्लब हाऊसमध्ये केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



खरं सांगतो, मला भाषण येत नाही. परवा वकील साहेब मृत्युपत्रावर बोलले, काल डॉक्टर बाई मधुमेहावर बोलल्या. मी सेक्रेटरींना म्हटलं, यांच्यापुढे मी काय बोलू? ते म्हणाले, "काका, तुम्ही आयुष्यभर जे कापत आलात, त्याच्यावरच बोला." हे ऐकून आमची ही हसायला लागली. म्हणाली, लोकांना वाटेल खिसे कापत होते. तर मंडळी, खिसे नाही. मी सर्किट बोर्ड कापतो. आणि त्याच्यावरून आपल्या सोसायटीत एकदा मोठं भांडण झालं होतं. जुन्या सभासदांना आठवत असेल. ते भांडण माझ्यामुळे झालं होतं. ते सांगायलाच मी आज उभा राहिलोय. बोर्ड कसा कापायचा हेही सांगतो, कारण पोरांना ते ऐकायचंय.

आधी थोडं माझं. मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला. औंधच्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं आणि १९८२ साली अप्रेंटिस म्हणून इकडे आलो. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली. म्हणजे महानगरपालिका आणि मी, दोघं एकाच वर्षी कामाला लागलो! पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ सालीच आलेली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झालं आणि मग टेल्को, बजाज, आणि त्यांच्या मागे भोसरीचे शेकडो छोटे शेड. मी आलो तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. गाड्यांचे कारखाने तिकडे नंतर गेले.

मी कंपनीत मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की पॅनेल उघडायचं, कार्ड काढायचं, जळलेला भाग बदलायचा. आपल्या सोसायटीचं रजिस्ट्रेशन १९९९ चं. मला ताबा मिळाला तेव्हा खाली रस्ता नव्हता, मुरूम होता. घरी आल्यावर मागच्या बाल्कनीला ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावल्या, एक जुनं टेबल टाकलं, व्हाइस बसवला, आणि माझं वर्कशॉप झालं. सहा फूट बाय चार फूट.

नवीन पिढीला एक सांगायला हवं. आपल्या भागात एमआयडीसीची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्यामुळे गुरुवारी पोरं शाळेत, शेजारचे ऑफिसवाले कामावर, बिल्डिंगमध्ये फक्त बायका, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं. आणि मी. माझा कापायचा वार गुरुवार. हा गुरुवार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हा तुकडा बघा. पुढच्या रांगेतून फिरवा, पण कडेला बोट घासू नका. वरचा लाल पत्रा तांब्याचा आहे. त्याची जाडी किती असेल? साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या निम्मी. खालचा जो पिवळट-हिरवट भाग दिसतोय, तो प्लॅस्टिक नाही. ते कापड आहे. काचेचं कापड! काचेचे बारीक धागे काढून, उभे-आडवे विणून, त्याचे सात-आठ थर एकावर एक ठेवायचे, इपॉक्सी म्हणजे एक प्रकारची राळ घालून गरम प्रेसमध्ये दाबायचे. त्याची १.६ मिलिमीटरची शीट होते. याला बाजारात 'ग्लास इपॉक्सी' म्हणतात, कागदोपत्री एफआर-४. एफआर म्हणजे आग लवकर न धरणारं. दुसरा हा तपकिरी तुकडा 'पेपर फिनॉलिक'. याच्यात काचेऐवजी कागद आहे आणि राळ बेकेलाइटच्या जातीची. जुन्या रेडिओत, टीव्हीच्या रिमोटमध्ये हाच असायचा. कापताना याला एक करपट वास येतो. ज्यांनी एकदा घेतलाय त्यांना तो झोपेतही ओळखू येईल.

सर्किट बोर्ड म्हणजे काय, तर या तांब्यावर पाहिजे तेवढ्या रेघा ठेवायच्या आणि बाकीचं तांबं फेरिक क्लोराइडच्या पाण्यात विरघळवून टाकायचं. उरलेल्या रेघा म्हणजे वायरी. ही कल्पना कुणाची? पॉल आइसलर नावाचा व्हिएन्नाचा इंजिनिअर. नोकरी नाही, देशात ज्यूंना थारा नाही, म्हणून लंडनला आला आणि १९३६ साली एका भाड्याच्या खोलीत त्याने असा बोर्ड करून रेडिओ वाजवून दाखवला. पोरांनो, लक्षात घ्या. आज तुमच्या मोबाइलमध्ये, गाडीत, मिक्सरमध्ये जे आहे, त्याची सुरुवात मोठ्या कारखान्यात झालेली नाही. भाड्याच्या खोलीत झाली. मला माझ्या बाल्कनीचा जो अभिमान होता, तो तिथून आलेला.

मी कॉपर क्लॅडची शीट बुधवार पेठेतून आणायचो. पासोड्या विठोबाच्या, तापकीर गल्लीच्या भागातून. पीसीएमटीच्या बसमध्ये मांडीवर धरून. अख्खी शीट साधारण चार फूट लांब, ती काही परवडायची नाही. आपलं फूट बाय फूटचा तुकडा. आणि मग तो कापायचा. इथं खरी मजा सुरू होते.

पहिला प्रकार, एक्सा ब्लेड. म्हणजे हॅक्सॉ. सगळे यानेच सुरुवात करतात. ब्लेड बारीक दातांचं पाहिजे, इंचाला ३२ दात. कारण बोर्डची जाडी इंचाच्या सोळाव्या भागाएवढी. मोठ्या दातांचं ब्लेड लावलं तर दोन दातांच्या मध्ये बोर्ड अडकतो आणि कड फाटते. ब्लेड उभं धरायचं नाही, तिरकं निजवून चालवायचं, म्हणजे एका वेळी जास्त दात लागतात. तांब्याची बाजू वर ठेवायची. दात पुढे जाताना तांब्याला खाली दाबतात. उलटं ठेवलंत तर तांबं सोलून निघतं. एवढं करूनही काच ती काच. थोड्या कापण्यातच ब्लेड बोथट होतं. मी ब्लेडवर किती पैसे घालवले ते हिला आजही सांगितलेलं नाही.

दुसरा प्रकार, चिरून मोडायचं. आपण फरशीवाल्याला बघतो ना, काचेवर किंवा टाइलवर रेघ मारतो आणि कट्कन मोडतो, तसंच. यासाठी जुनं एक्सा ब्लेड मोडून ग्राइंडरवर त्याची आकडी करायची. स्टीलची पट्टी क्लॅम्पने घट्ट धरायची. पहिले दोन हात हलके, नुसती वाट पाडायला. मग जोर देऊन सहा-आठ वेळा ओढायचं. तांबं कापून खाली काचेच्या धाग्यापर्यंत गेलं पाहिजे. मग बोर्ड उलटा करून बरोबर त्याच रेषेवर मागून चिरायचं. खरी गोम इथंच आहे. दोन्ही रेघा एकाखाली एक आल्या नाहीत तर मोड वाकडा जातो. त्यासाठी गुण्या लावून चारही कडांवर खूण करायची. मग दोन लोखंडी अँगलच्या मध्ये रेघेपर्यंत बोर्ड धरायचा आणि एका दमात मोडायचा. याने फक्त सरळ रेघ कापता येते, आणि अगदी अरुंद पट्टी असेल तर ती मोडताना तुटते. पण भुसा कमी. जो निघतो तो जाडसर, टेबलावरच पडतो.

तिसरा प्रकार, शिअर. म्हणजे पत्रा कापायची कात्री. भोसरीत ओळखीच्या शेडमध्ये जाऊन कापून आणायचं. झटक्यात होतं, धूळ जवळजवळ नाही. पण ग्लास इपॉक्सीची कड पांढरी पडते, थर जरा सुटल्यासारखे होतात. म्हणून मापापेक्षा थोडं मोठं कापायचं आणि कड घासून घ्यायची. पेपर फिनॉलिक थंडीत कापला तर कडेचे टवके उडतात. तो आधी जरा कोमट करून घ्यायचा.

आणि चौथा प्रकार, मार्बल कटर. याच्याविषयी सांगायला मला वेळ लागेल.

त्याआधी एक रात्र सांगतो. भोसरीत एक हीट ट्रीटमेंटचं शेड होतं. रात्री नऊला मालक स्कूटरवर माझ्या दारात. हातात जळलेलं कार्ड, भट्टीच्या टायमरचं. मशीन परदेशी, कार्ड मिळायला महिना. आणि सकाळी चाकणला माल पोचला नाही तर तिकडची लाइन थांबणार. तुम्हाला माहितीये, या गाड्यांच्या कारखान्यात माल साठवून ठेवत नाहीत, लागेल तसा मागवतात. लाइन थांबली की सगळा भुर्दंड धाकट्या पुरवठादाराच्या डोक्यावर. तो माणूस घामाघूम झालेला. मी कार्ड बघितलं. साधं होतं, एका बाजूचंच. जळलेल्या रेघा भिंग लावून शोधल्या, कागदावर उतरवल्या. बोर्ड कापला, मार्करने रेघा काढल्या, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइडमध्ये घातला, एक मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडली, सामान बसवलं. पहाटे पाचला भट्टी चालू. तो मालक माझ्या पाया पडायला लागला. वयाने माझ्यापेक्षा मोठा!

तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली. मंडळी, कबूल करतो. मला वाटायला लागलं, आपल्या बाल्कनीवर चाकण चाललंय. त्यातच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं कार्ड मी करून दिलं. टाकीत स्टीलच्या तीन सळया, पाणी खालच्या सळीच्या खाली गेलं की पंप चालू, वरच्या सळीला लागलं की बंद. त्याआधी वॉचमन झोपला की टाकी भरून वाहायची, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर. कार्ड बसल्यावर ते थांबलं. सगळ्यांनी कौतुक केलं, गणपतीत नारळ दिला. हवा अजून वाढली.

२००९ साली एक ऑर्डर आली. छोटे चारशे बोर्ड. आठ दिवसांत. आता चारशे बोर्ड एक्सा ब्लेडने कापणं म्हणजे हाताचा भुगा. मी फरशी कापायचा मार्बल कटर आणला. चार इंची डायमंड ब्लेड, मिनिटाला बारा हजारांवर फेरे. टेबलाला उलटा बसवला, गाइड लावला. काय सांगू, लोण्यासारखं कापतंय! एका तासात आठवड्याचं काम. गुरुवार होता. बाल्कनीची खिडकी उघडी ठेवली, म्हणजे धूळ बाहेर जाईल. तोंडाला रुमाल बांधला. मला वाटलं, सगळी काळजी घेतली.

धूळ बाहेर गेली. पण बाहेर म्हणजे कुठे, हे मी बघितलंच नाही. मार्बल कटरचा भुसा पिठासारखा बारीक असतो. तो माझ्या खिडकीतून निघून खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या दोरीवर बसला. दोरीवर त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीची झबली, लंगोट, दुपटी.

दोन दिवस ती पोर रडत होती. अंगावर लाल पुरळ, डोळे चोळून चोळून सुजलेले. डॉक्टरांना वाटलं उष्णता, मग वाटलं साबण बदललाय. वहिनींनी कपडे पुन्हा धुतले आणि त्याच दोरीवर घातले. मी तर पुढच्या गुरुवारीही कापत होतो. तेव्हा त्यांनी दुपट्याला हात लावला, उन्हात धरलं, आणि त्याच्यावर काहीतरी चमकताना दिसलं. मान वर केली तर माझी खिडकी.

कमिटीकडे लेखी तक्रार आली. मीटिंग बोलावली. आणि मी त्या मीटिंगमध्ये काय बोललो ते आज सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "तुमच्या टाकीचं कार्ड कुणी केलं? माझ्या वर्कशॉपमुळे तुम्हाला पाणी मिळतंय. आणि थोडी धूळ काय उडाली तर लगेच अर्ज?" तेव्हाचे आपले अध्यक्ष, आता ते हयात नाहीत, शांतपणे म्हणाले, "कार्ड चालतंय म्हणून धूळ गोड होत नाही." मी उठून निघून आलो.

घरी येऊन जेवायला बसलो. हिने भाकरी वाढली. मी म्हटलं, बघितलंस, लोक कसे असतात. ही काही बोलली नाही. तिने हाताची बाही वर केली. कोपरापर्यंत पुरळ. ओरखडे. म्हटलं, हे काय? म्हणाली, "तुमचे गुरुवारचे कपडे मी हाताने धुते ना. चार वर्षं झाली. तुम्ही एक्साने कापायचात तेव्हा थोडं व्हायचं, आता जास्त होतं." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही खुशीत असता गुरुवारी."

(थोडं पाणी घेतो.)

तर मंडळी, तेव्हा मला कळलं की मी बोर्ड कापायला शिकलो होतो, पण माझ्या कापण्याचं पुढे काय होतं ते शिकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. वहिनींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, काम बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. असं करा की आमच्या घरात येणार नाही." हे वाक्य मी लिहून टेबलासमोर चिकटवलं. अजून आहे.

मग मी ते काचेचं प्रकरण नीट समजून घेतलं. ही धूळ म्हणजे दोन गोष्टी. एक, काचेच्या धाग्याचे तुकडे. हे कातडीत कुसळासारखे टोचतात, म्हणून खाज आणि पुरळ. डोळ्यात, घशात गेले तर जळजळ, खोकला. दोन, राळेची बारीक भुकटी, ती श्वासातून आत जाते आणि काहींना ॲलर्जी करते. काही लोक मला म्हणाले, अरे हे ॲस्बेस्टॉससारखं आहे, कॅन्सर होतो. तसं नाही. घाबरवायचं नाही, खरं तेवढं सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या अखंड काचधाग्याला कर्करोगकारक म्हटलेलं नाही, 'वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात ठेवलंय. पण म्हणून ती धूळ खायची वस्तू होत नाही. कॅन्सर होत नाही म्हणून शेजारच्या बाळाच्या दुपट्यावर टाकायची, हा कुठला न्याय?

मी माझे नियम केले. पोरांनो, वहीत लिहून घ्या. पुढे तुम्ही कुणी हे काम करणार असाल तर लागतील.

पहिला. बिल्डिंगमध्ये मार्बल कटर, ग्राइंडर, काहीही वेगाने फिरणारं बोर्डला लावायचं नाही. माझा कटर मी एका फरशीवाल्याला देऊन टाकला. त्याच्या हातात तो जास्त शोभतो. मोठी ऑर्डर असेल तर शेडमध्ये शिअरवर कापून आणायची. त्या चारशेतले उरलेले बोर्ड मी तसेच कापून आणले. चार दिवस उशीर झाला, पैसे कापले गेले, पण काही बिघडलं नाही.

दुसरा. घरी चिरून मोडायचं, म्हणजे आकडीने. कड घासायची ती पाण्यात. ट्रेमध्ये काच ठेवायची, तिच्यावर वॉटर पेपर, थोडं पाणी, आणि त्याच्यावर बोर्डची कड ओढायची. धूळ उडतच नाही, गाळ होतो. तो गाळ बेसिनमध्ये ओतायचा नाही. तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी हळूच काढायचं, गाळ रद्दीच्या कागदात पुसून पिशवीत बांधायचा.

तिसरा. कापून झाल्यावर केरसुणी मारायची नाही आणि फुंकरही मारायची नाही. आपल्याकडे कारखान्यात सवय असते, एअर गनने फटाफट साफ करायचं. त्याने धूळ जात नाही, फक्त जागा बदलते. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं घडीत घडी घालून पुसत जायचं.

चौथा. तोंडाला रुमाल चालत नाही. रुमालाने समाधान होतं, धूळ थांबत नाही. एन-९५ लावायचा. कोरोनाआधी हे सांगितलं की लोक हसायचे, आता प्रत्येकाच्या घरात आहे. डोळ्याला चष्मा. मोडताना तुकडा उडतो तो सरळ डोळ्याकडेच येतो, हा त्याचा स्वभावच आहे.

पाचवा. कामाचा शर्ट वेगळा, पूर्ण बाहीचा. तो बाल्कनीत झटकायचा नाही. वेगळ्या बादलीत, आणि ज्याचा त्याने धुवायचा. २००९ पासून माझा गुरुवारचा शर्ट मी धुतो. हिला विचारा, समोर बसलीये. आणि अंगाला खाज सुटलीच तर चोळायचं नाही. आधी वाहत्या पाण्याखाली धरायचं, मग साबण. चोळलं की कुसळं आणखी आत जातात.

सहावा, आणि हा सगळ्या सोसायटीसाठी आहे. बोर्डचे तुकडे, जुने कार्ड कधीही जाळायचे नाहीत. एका वर्षी आपल्या होळीत कुणीतरी जुना टीव्ही फोडून टाकला होता, आठवतं का तो धूर? ग्लास इपॉक्सी लवकर पेटू नये म्हणून त्याच्यात ब्रोमिन घातलेलं असतं. जाळलं की त्याचा विषारी धूर होतो, आणि तांबं-शिसं राखेत राहतं ते वेगळंच. हा ई-कचरा आहे, तो नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच गेला पाहिजे असा कायदाच आहे. तुकडे एका डब्यात साठवा. मी ठेवतोच, तुमचेही माझ्याकडे द्या. फेरिक क्लोराइडचं वापरलेलं पाणीही गटारात नाही. त्याच्यात तांबं विरघळलेलं असतं, आणि आपलं गटार शेवटी कुठे जातं? इंद्रायणीला. आळंदीला जाऊन आपण तिच्यातच हात जोडतो.

सातवा. वेळ. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते सात. दुपारी एक ते चार बिल्डिंग झोपलेली असते, तेव्हा हातोडीसुद्धा नाही. हा नियम मी नाही केला, कमिटीने केला, पण मला पटला.

आता कुणी म्हणेल, काका, हे सगळं आता कशाला? हल्ली कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, फाइल पाठवायची, आठ दिवसांत छापलेला, कापलेला, भोकं पाडलेला बोर्ड कुरिअरने दारात. खरं आहे. मीसुद्धा मागवतो. माझ्या हातापेक्षा तो शंभर पट सुबक असतो. पण आठ दिवस ज्याच्याकडे नाहीत, त्याचं काय? रात्री नऊला जळलेलं कार्ड घेऊन येणारा माणूस अजून येतो. आणि दुसरं असं, की ज्याने स्वतः एक बोर्ड कापलाय, त्याला स्क्रीनवर डिझाइन करताना कळतं की कडेला किती जागा सोडायची, भोक कडेपासून किती लांब घ्यायचं. हातातून गेलेलं डोक्यात राहतं.

तर माझी समितीला एक विनंती आहे. गेटजवळची जुनी वॉचमनची खोली रिकामी पडलीये. तिला दोन खिडक्या आहेत आणि कुणाच्या दोरीखाली ती येत नाही, हे मी तपासलंय. ती पोरांच्या वर्कशॉपला द्यावी. टेबल, व्हाइस, सोल्डरिंग, आकड्या, माझ्याकडचं सगळं मी देतो. आता मी रिटायर झालोय, मला सगळे वार गुरुवार. शिकवायला येईन. पाण्याची ट्रे, मास्क, ओलं फडकं आणि ई-कचऱ्याचा डबा हे मात्र पहिल्या दिवसापासून पाहिजे. ते नसेल तर मी येणार नाही. आणि वर्गणी काढून शॉप व्हॅक्युम घेता आला तर फार उत्तम.

खर्च किती, जबाबदारी कुणाची, इन्शुरन्स काय, हे प्रश्न वार्षिक सभेत येणारच. यावेत. मी उत्तरं लिहून आणीन, आणि या वेळी उठून जाणार नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मघाशी जे तुकडे पुढून फिरत होते, ते कोण फिरवत होतं बघितलंत का? ती दोन वर्षांची पोर आता सतरा वर्षांची आहे. पॉलिटेक्निकला आहे, इलेक्ट्रॉनिक्सलाच. गेल्या दिवाळीत तिने माझ्या टेबलावर पहिला बोर्ड मोडला. मागची रेघ अर्धा मिलिमीटर चुकली, मोड वाकडा गेला. मी म्हटलं, काही हरकत नाही, दुसरा घे. तिने आधी ओलं फडकं घेतलं, टेबल पुसलं, आणि मग दुसरा घेतला. मी सांगितलं नव्हतं. कदाचित तिच्या आईने सांगितलं असेल.

टाकीचं कार्ड मात्र अजून तेच आहे. रिले दोनदा बदललाय, बोर्ड तोच, २००५ सालचा, एक्सा ब्लेडने कापलेला, कड जरा वाकडी. पंप रूममध्ये जाऊन बघा. दार हळू उघडा, तिथं पाली आहेत.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पन्नासाव्या वर्षी या माइकवर दुसरं कुणी असेल. त्याला किंवा तिला माझा आत्ताच नमस्कार.